घाटात ऐकलेली घरघर

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या रस्त्याला लागलो. समोर बैलगाडी आली म्हणून ब्रेक दाबला, तर पुढच्या डाव्या चाकातून घर्रर्र! कोरड्या पाट्यावर वरवंटा फिरवावा तसा आवाज. गाडी अठरा वर्षांची, तिचे सगळे आवाज आम्हाला पाठ. हा नवा होता.

गॅरेजवाल्याने गाडीला हात लावण्याआधी विचारलं, "भाऊ, आवाज ब्रेक दाबावर येस, का तसाच येस?"

निम्मं निदान या प्रश्नातच होतं. ब्रेक न दाबताही येणारी, वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमी-जास्त होणारी घुमघुम बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. सतत कर्कश खरखर होत असेल, तर डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडा अडकलेला असू शकतो. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांना खरखरते, ती डिस्कवर चढलेल्या गंजामुळे. तो आपोआप घासून निघतो. आमचा आवाज मात्र ब्रेक दाबला की येई आणि जोर लावला की वाढे.

ब्रेकचं काम म्हणजे गतीची उष्णता करणं. एक टन वजनाची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगावरून थांबवली, की सुमारे 1.4 लाख जूल उष्णता निघते. तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. घाटात हे वळणावळणाला होतं. ही उष्णता सोसायला पॅडच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या ठोकळ्यांच्या, लोखंडी पाटीवर घर्षणाचा खास मसाला चिकटवलेला असतो, नवा असताना साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड. 3 मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायचे. बऱ्याच पॅडना पोलादी पातळ जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून चीं करते. ती चीं कानाआड केली की पुढची पायरी घर्रर्र: पाटीचं लोखंड डिस्कच्या बिडावर अडकतं, सुटतं, ओरखडे काढतं.

पण मी तर मोबाइलच्या टॉर्चने चाकातून डोकावून पॅड पाहिला होता! चांगला जाड दिसत होता.

चाक उतरल्यावर उलगडा झाला. बाहेरचा पॅड खरंच धडधाकट, आतला मात्र नागडं चकचकीत लोखंड. डिस्कच्या आतल्या बाजूला नख अडकेल एवढे चरे. आमच्या गाडीच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, पिस्टन (तेलाच्या दाबाने सरकणारा दट्ट्या) एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. आमच्या पिना धुळीने आणि गंजाने जाम झालेल्या. सगळं काम एकटा आतला पॅड करत होता, आणि डोकावून दिसतो तो बाहेरचा.

दुसरी चूकही माझीच. महिन्यापूर्वी ब्रेक ऑइल कमी झालेलं दिसलं, मी भर घालून मोकळा झालो. पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे येतो आणि त्याच्यामागची जागा तेल भरून काढतं. गळती नसताना पातळी खाली जाते ती अशी. गाडी सांगत होती, मी तिचं तोंड बंद केलं.

डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेली होती. डिस्क आणि पॅड दोन्ही चाकांचे बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला एकीकडे ओढते. पिना साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. पोऱ्या हवेचा पाइप घेऊन पॅडची भुकटी उडवायला निघाला, त्याला मी थांबवलं. जुन्या पॅडच्या मसाल्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलेलं वाईट. ओल्या फडक्याने पुसलं.

नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत दोन-तीनशे किलोमीटर दणकून ब्रेक मारू नका, असं गॅरेजवाल्याने बजावलं. म्हणून पुढच्या खेपेला घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो. मागच्या ट्रकवाल्याने पायथ्यापर्यंत हॉर्न वाजवून घेतला.