बॅकग्राउंड रेडिएशन आणि फॉलआउटची मोजणी (कोल्हापूर परिसर)

जमीन, हवा, आकाश आणि आपलं स्वतःचं अंग यातून कायम येत राहणारं रेडिएशन म्हणजे बॅकग्राउंड, मग जवळपास अणुभट्टी असो नसो. जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलीसिव्हर्ट (अंगाला मिळणाऱ्या रेडिएशनच्या डोसचं माप) धरतात, त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या रेडॉन वायूचा, जो बंद घरात साठून राहतो.

कोल्हापूर बसलंय दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर आणि त्यात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम हे तिन्ही ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी, त्यामुळं ग्रॅनाइटवर बसलेल्या हैदराबादच्या मानानं इथला रेडिएशन मोजायचा मीटर शांत असतो. केरळात चवरा-करुनागपल्लीच्या किनाऱ्याला मोनाझाइटच्या वाळूतलं थोरियम आकडा कित्येक पट वर नेतं. म्हणजे ‘नॉर्मल किती?’ हे गावाचं नाव न घेता विचारण्यात काही अर्थ नाही.

मीटर जमिनीपासून 1 मीटर उंच, भिंतीपासून लांब धरायचा आणि दोन सेकंदांचा आकडा बघून लगेच ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. 100 काउंटमागं (एक काउंट म्हणजे मीटरनं पकडलेला एक किरण) 10 इकडंतिकडं होणारच, 10,000 जमले की चूक 1 टक्क्यावर येते, म्हणजे बसून राहायला लागतंय. फसवणाऱ्या जागाही बऱ्याच आहेत, ग्रॅनाइटचा ओटा किंवा खताच्या दुकानातली उसाला घालायच्या पोटॅशची पोती, ज्यात पोटॅशियम-40 मुळं किलोमागं 15 हजार बेक्रेलच्या (एक बेक्रेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं) आसपास असतात. आणि वळवाचा पाऊस! हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेलं शिसं-214 आणि बिस्मथ-214 पाऊस धुऊन खाली आणतो, मीटर चढतो, लोक घाबरतात, पण दोघांचंही अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा वेळ, अर्ध्या तासाच्या आत असल्यानं पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत सगळं जागेवर येतं.

फॉलआउटचं, म्हणजे अणुस्फोटानंतर हवेतून खाली बसणाऱ्या किरणोत्सारी धुळीचं, गणित वेगळं. हवेतल्या अणुचाचण्यांची धूळ जगभर पसरली, हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या 1963 च्या करारानंतर बरीच कमी झाली, चीननं मात्र 1980 पर्यंत चाचण्या चालू ठेवल्या. त्यातलं सिझियम-137 अजून मातीत सापडतं, अर्धायुष्य 30 वर्षं, म्हणजे 1963 चं आता साधारण चौथा हिस्सा उरलंय. ही धूळ मुख्यतः पावसाबरोबर उतरते, म्हणून एकाच जिल्ह्यात धो-धो पावसाच्या गगनबावड्याचा आणि कमी पावसाच्या शिरोळचा मातीचा नमुना एकाच तागडीत तोलू नये. उसाचं रान घेऊ नका, नांगरटीनं माती वरखाली झालेली असते, पंचगंगेकाठी तर पूर दरवेळी नवा गाळ टाकून जातो. देवराईसारखी न हललेली जागा बरी.

हातातला गायगर मीटर हे सिझियम वेगळं दाखवत नाही, तो सगळंच एकत्र मोजतो. ते वेगळं ओळखायला किरणांची ऊर्जा मोजणारा जर्मेनियम डिटेक्टर लागतो, सिझियमची रेघ 662 केईव्हीला (ऊर्जेचं माप), पोटॅशियमची 1461 ला. मातीतलं रेडियमही मोजायचं तर वाळवलेली माती हवाबंद डब्यात महिनाभर ठेवतात, रेडियमपासून निघणारा आतला रेडॉन साठून स्थिर व्हावा म्हणून, सिझियमला तेवढं थांबायची गरज नसते.