पार्किन्सन्सची गोळी बदलते तेव्हा नेमकं काय चुकतं?

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. नवं औषध सुरू झालं की शुभार्थींच्या तक्रारी बहुधा ठरावीक असतात. मळमळतंय. सकाळी गोळी चढतच नाही. हातपाय आपोआप वळवळायला लागलेत. घरात लगेच निकाल लागतो, ‘हे औषध मानवत नाही’, आणि गोळी बंद होते. अशा वेळी आधी तीन गोष्टी तपासाव्यात: गोळीतलं प्रमाण, घेण्याची वेळ आणि जुनं औषध कसं थांबवलं. चांगल्या औषधावर फुली पडते ती बऱ्याचदा यांतल्याच एका चुकीमुळे.

सुरुवात पाकिटावरच्या आकड्यापासून करू, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथे होतो. पार्किन्सन्सवर सर्रास दिली जाणारी सिंडोपा ही गोळी घ्या. सिंडोपा ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. सिंडोपा प्लस १२५ म्हणजे १०० अधिक २५. सिंडोपा २७५ म्हणजे २५० अधिक २५. आकडा ही दोन औषधांची बेरीज असते. लेव्होडोपा मेंदूत पोचून डोपामिन, म्हणजे पार्किन्सन्समध्ये कमी पडणारं हालचालींचं रसायन, बनतं, पण वाटेत आतड्यात आणि रक्तातच त्याचं डोपामिन झालं तर ते मेंदूत शिरू शकत नाही, उलटीचं केंद्र मात्र चाळवतं. ही वाटेतली गळती कार्बिडोपा रोखतं आणि त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. आता हिशोब करा. ११० च्या तीन गोळ्यांत ते फक्त ३० मिलिग्रॅम असतं, प्लसच्या तीन गोळ्यांत ७५. लेव्होडोपा दोन्हीकडे ३००. दुकानात प्लस संपलं म्हणून कुणी ‘तेच आहे’ असं सांगत ११० दिलं, तर मळमळ वाढते आणि असर घटतो. उलट ११० वरून प्लसवर गेलेल्याला त्याच ३०० मिलिग्रॅमचा असर जास्त जाणवतो, कधी वळवळही सुरू होते. तिला डिस्कायनेशिया म्हणतात. ती कंपापेक्षा वेगळी, नाचल्यासारखी हालचाल असते. डॉक्टरांना फोन करताना दोन्हींत गल्लत करू नका, कारण कंप औषध कमी पडल्याचा इशारा असू शकतो, तर वळवळ बहुधा औषध जास्त झाल्याचा.

दुसरा सापळा सीआरचा, म्हणजे ‘कंट्रोल्ड रिलीज’ गोळीचा. प्लस १२५ आणि सीआर १२५ यांच्यात आकडा तोच, औषधंही तीच, पण सीआर गोळी हळूहळू विरघळते. साध्या गोळीतलं लेव्होडोपा रक्तात दीड तासात निम्म्यावर येतं, म्हणून आजार जुना झाला की पुढच्या गोळीआधीच अंग जखडतं. ते टाळायला सीआर देतात. मात्र सीआरमधलं लेव्होडोपा अंगी लागतं ते साध्या गोळीच्या साधारण ७० ते ७५ टक्केच. त्यामुळे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा बदल केला तर डोस आपोआप घटतो. शिवाय ती चढायला वेळ घेते. सकाळी सहाला घेतली तर साडेसात-आठपर्यंत पलंगावरून उठवत नाही. यावर डॉक्टर बहुधा सकाळची पहिली गोळी साधी ठेवतात आणि सीआर रात्रीसाठी किंवा पुढच्या वेळांना देतात. गिळायला त्रास होतो म्हणून सीआर खलबत्त्यात कुटणं तर फारच चुकीचं. हळू सुटणारं सगळं औषध एकदम सुटतं, आधी वळवळ होते आणि मग ‘ऑफ’ येतो, म्हणजे औषधाचा असर उतरून अंग जखडतं.

जेवणाचं गणित नव्या गोळीबरोबर पुन्हा मांडावं लागतं. लेव्होडोपा लहान आतड्यात शोषलं जातं, आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं त्याच दारातून आत जातात, आधी आतड्यात आणि पुढे मेंदूच्या वेशीवरही. पिठलं, उसळ, पनीर, पेलाभर दूध यांच्यासोबत घेतलेली गोळी रांगेत मागे राहते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते पाऊण तास किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. तर्रीदार मिसळीसारखं तेलकट खाणं पोटच उशिरा रिकामं करतं, मग गोळी जठरात पडून राहते. बद्धकोष्ठानेही उशीर होतो. पहिल्या आठवड्यात मळमळ असेल तर गोळीबरोबर मारी बिस्किट किंवा अर्धं केळं चालतं, त्यात प्रथिनं नगण्य. लोहाच्या गोळीत मात्र दोन तासांचं अंतर हवंच.

लेव्होडोपाला एन्टाकापोन हे औषध जोडलं की वेगळेच अनुभव येतात. हे औषध एकटं काहीच करत नाही. लेव्होडोपा मोडणाऱ्या एका एन्झाइमला अडवून ते त्याचा असर लांबवतं, म्हणून २०० मिलिग्रॅमची गोळी लेव्होडोपाच्या डोसबरोबरच घ्यायची. लघवी नारिंगी-तपकिरी होते. हे रक्त नव्हे, घाबरायचं कारण नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस धास्तावून औषध सोडतो. पहिल्या काही दिवसांत वळवळ वाढली तर लेव्होडोपाच १० ते ३० टक्के कमी करावं लागतं, हे डॉक्टर ठरवतात. जुलाब मात्र उशिरा, कधी महिना-दोन महिन्यांनी सुरू होतात. तेव्हा कुणाला या गोळीची आठवणही होत नाही आणि पोटाच्या तपासण्या सुरू होतात.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधं. यांची अदलाबदल ढोबळ हिशोबाने होते: प्रामिपेक्सोल १ मिलिग्रॅम, रोपिनिरोल ५ मिलिग्रॅम आणि लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम साधारण सारखे धरतात. रोपिनिरोलच्या ५ ऐवजी प्रामिपेक्सोलही ५ घेतलं तर ते पाचपट झालं! नव्याने सुरू करताना प्रामिपेक्सोल ०.१२५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि मग पाच ते सात दिवसांनी एकेक पायरी वर. घाई केली तर उभं राहताना चक्कर येते, झोप अनावर होते, भास होतात. गाडी चालवताना अचानक डोळा लागू शकतो, म्हणून सुरुवातीचे आठवडे स्कूटरची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

याच औषधांचा आणखी एक परिणाम शुभंकरांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला हवा. आयुष्यभर जपून खर्च करणारी व्यक्ती मोबाईलवर रमी खेळून पैसे घालवू लागते, रोज पार्सलं मागवते, रात्री उठून गोड खाते, लैंगिक इच्छा एकदम वाढते. माणूस बिघडलेला नसतो. मेंदूतल्या बक्षिसाच्या वाटेवर औषधाचा जोर पडलेला असतो आणि डोस उतरवला की हे बहुतेकदा ओसरतं. शरमेपोटी लपवल्यामुळे महिने वाया जातात. डॉक्टर विचारत नसतील तर आपण सांगावं. आणि डोस उतरवायचा तो पायरीपायरीनेच. एकदम बंद केल्यास कमालीची बेचैनी, घाम, उदासी येते.

सॅफिनामाइड हे त्यामानाने नवं औषध. युरोपात ते २०१५ साली, अमेरिकेत २०१७ साली मंजूर झालं. दिवसाला एकदा ५० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी गरज असल्यास १००. ते रासाजिलीन आणि सेलेजिलीन या पार्किन्सन्सच्या जुन्या औषधांच्याच गटातलं आहे, म्हणून घरातली जुनी रासाजिलीन संपवण्यासाठी दोन्ही सोबत घेऊ नयेत. मध्ये किती दिवस सोडायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. या गटातलं काहीही चालू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी टाळायची. पावसाळ्यात खोकला झाला की दुकानातून आणलेली बाटली आधी लेबल वाचून मगच उघडावी.

घरगुती भर म्हणून खाजकुइलीच्या बियांचं, म्हणजे कवचबीजाचं चूर्ण घेणारे पुष्कळ आहेत. त्यात खरंच लेव्होडोपा असतं, मद्रासच्या दोन संशोधकांनी ते १९३७ साली वेगळं करून दाखवलं होतं. म्हणूनच ते डॉक्टरांपासून लपवू नये. चमच्यात नेमकं किती आहे ते ठाऊक नसताना गोळीचा डोस ठरवणार कसा?

बदलाआधी तीन दिवस एक तक्ता भरा. अर्ध्या तासाचा एक चौकोन, त्यात चारपैकी एक खूण: मोकळं, जखडलेलं, वळवळ, झोप. शेजारी गोळीची आणि खाण्याची वेळ. पहाटेचा चहा, दुपारची वामकुक्षी, संध्याकाळचं सारसबागेतलं फिरणं, सगळं येऊ द्या. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर तसं नोंदवा. बदलानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस तोच तक्ता भरा. ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा ‘अकरा ते साडेबारा जखडतं’ हे डॉक्टरांच्या कामाचं असतं. एका वेळी एकच औषध बदला, आणि बदल गणपतीत, लग्नघाईत किंवा डॉक्टर गावाला गेलेले असताना नको.

उलटी-चक्करीवर सर्रास दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझीन, तसंच चक्करीसाठीची सिनारिझिन, ही औषधं डोपामिनच अडवतात. नव्या गोळीने मळमळलं म्हणून यातलं काही घेतलं तर पार्किन्सन्सच वाढतो आणि खापर नव्या गोळीवर फुटतं. मळमळीसाठी बहुधा डोम्पेरिडोन देतात, पण हृदयाचा आजार असेल तर तेही विचारूनच.

लेव्होडोपा अचानक तुटलं तर ताप, प्रचंड ताठरपणा आणि भ्रम अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवतात तेव्हा हा धोका असतो. म्हणून भूलतज्ज्ञाला आधीच भेटून गोळीच्या वेळांचा कागद द्या. घोटभर पाण्याबरोबर सकाळची गोळी घ्यायला ते सहसा परवानगी देतात. नाकातून नळी घातलेली असेल तर साधी गोळी पाण्यात विरघळवून देता येते, सीआर देता येत नाही. कागदावर हेही लिहिलेलं असावं.