इंग्लंडमधील सरकारी शालेय शिक्षण

इंग्लंडमध्ये सार्वजनिक पैशावर चालणारी आणि पालकांकडून फी न घेणारी शाळाव्यवस्था. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक मुले या शाळांत शिकतात. ईटन, हॅरो यांसारख्या फी घेणाऱ्या शाळा तिच्याबाहेर आहेत आणि स्कॉटलंडची व्यवस्था प्रथमपासूनच वेगळी आहे. इंग्लंडच्या सरकारने शाळांसाठी पैसा दिला, पण शाळा चालवण्याचे काम बहुतेक काळ इतरांवर सोपवले : आधी चर्चवर, मग स्थानिक संस्थांवर, अलीकडे न्यासांवर. शाळा कोणाच्या ताब्यात असावी, हाच या इतिहासातला मुख्य वाद आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गरिबांच्या मुलांना शिकवणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी संस्था होत्या. १८११ मध्ये स्थापन झालेली नॅशनल सोसायटी ही अँग्लिकन चर्चची, तर ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी ही प्रामुख्याने चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथीयांची. नॅशनल सोसायटीने डॉ. अँड्र्यू बेल यांची पद्धत उचलली. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवायचे, ही पद्धत बेल यांनी मद्रासच्या अनाथाश्रमात राबवली होती. इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणूनच ओळखली जाई. १८३३ मध्ये संसदेने पहिल्यांदा शाळा-इमारतींसाठी २०,००० पौंड मंजूर केले आणि ते या दोन संस्थांमार्फतच वाटले.

१८६२ मध्ये शिक्षणखाते सांभाळणारे मंत्री रॉबर्ट लो यांनी निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आणली. निरीक्षक येऊन वाचन, लेखन आणि अंकगणितात मुलांची परीक्षा घेई, आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर अनुदान ठरे. शिक्षकांनी साहजिकच तेवढेच घोटून घेतले आणि बाकीचे विषय मागे पडले. ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात, शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या गरीब समाजासाठी ती उपयोगाची नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे इंग्लंडमधल्या गरीब वस्त्यांनाही तितकेच लागू होते.

विल्यम फॉर्स्टर यांच्या १८७० च्या कायद्याने चर्चच्या शाळा काढून घेतल्या नाहीत. जिथे शाळा अपुऱ्या होत्या तिथे लोकांनी निवडलेली शाळा-मंडळे नेमून, स्थानिक कर बसवून नव्या शाळा उभारण्याची सोय केली. मंडळाच्या शाळेत कोणत्याही एका पंथाची धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी शिकवायची नाही, असे कलम त्यात होते. या निवडणुकांत स्त्रिया मत देऊ शकत आणि उभ्याही राहू शकत. लंडनच्या पहिल्याच मंडळावर डॉ. एलिझाबेथ गॅरेट आणि एमिली डेव्हिस निवडून आल्या, तेव्हा स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळायला अजून जवळजवळ अर्धशतक होते. १८८० मध्ये दहा वर्षांपर्यंत शाळा सक्तीची झाली आणि १८९१ पासून प्राथमिक शाळांतली फी बहुतेक ठिकाणी गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १८७० आणि १८७६ च्या इंग्लिश कायद्यांचा आधार घेऊनच बेतले होते. जे मायदेशी दिले ते ब्रिटिश सरकारने भारतात नाकारले, आणि १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

१९०२ च्या बॅल्फर कायद्याने शाळा-मंडळे रद्द करून त्यांचे काम कौंटी व शहरांच्या परिषदांकडे दिले आणि चर्चच्या शाळांचा खर्चही स्थानिक करातून भागवला. दुसऱ्या पंथाच्या शाळेसाठी आपण कर का द्यावा, असा प्रश्न विचारत जॉन क्लिफर्ड या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी कर भरायला नकार दिला. काहींच्या घरातल्या वस्तू जप्त झाल्या, काही तुरुंगात गेले. १९०६ मध्ये हुजूर पक्षाचा जो दारुण पराभव झाला, त्याच्या कारणांत हा असंतोषही होता.

आर. ए. बटलर यांच्या १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केले. शाळा सोडण्याचे वय १९४७ मध्ये पंधरा झाले. तीन प्रकारच्या शाळांचा उल्लेख कायद्यात नव्हता, तरी व्यवहारात अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर मुले ग्रामर (परीक्षेत निवडलेल्यांसाठी, पुस्तकी शिक्षणाच्या), तांत्रिक आणि सेकंडरी मॉडर्न (उरलेल्यांसाठी) अशा शाळांत विभागली गेली. तांत्रिक शाळा फारशा निघाल्याच नाहीत. त्यामुळे उरली ती सरळ निवड किंवा नापसंती. ग्रामर शाळांतल्या जागा जिल्ह्याजिल्ह्यात कमीजास्त असल्याने तेवढ्याच गुणांवर एका गावचे मूल आत आणि शेजारच्या गावचे बाहेर राही. सेकंडरी मॉडर्नमधली बहुतेक मुले कोणतेही प्रमाणपत्र न घेता कामाला लागत. अकरा वर्षांच्या मुलावर असा शिक्का मारणे हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय होता.

१९६५ मध्ये मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून सर्व मुलांना एकत्र घेणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांचे आराखडे परिषदांकडून मागवले. ती आज्ञा नव्हती, विनंती होती. तरीही बदल वेगाने झाला, आणि हुजूर पक्षाच्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांच्या कारकिर्दीतही (१९७०–७४) अशा शाळांना मोठ्या संख्येने मंजुरी मिळाली. केंट, लिंकनशर, बकिंगहॅमशर अशा काही भागांत मात्र ग्रामर शाळा टिकल्या. आज त्या १६३ आहेत. १९९८ च्या कायद्याने नवी काढता येत नाही.

१९७६ मध्ये पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजातील भाषणात शाळांत काय शिकवले जाते हा सगळ्यांचा विषय आहे, अशी भूमिका घेतली. केनेथ बेकर यांच्या १९८८ च्या कायद्याने तिला वेगळेच वळण दिले. राष्ट्रीय अभ्यासक्रम व ठरावीक वयाला चाचण्या आल्या, मूल ज्या शाळेत जाई तिला त्याच्यामागे पैसा मिळू लागला आणि शाळांमध्ये विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा सुरू झाली. १९९२ मध्ये ऑफस्टेड ही तपासणी यंत्रणा स्थापन झाली आणि शाळांच्या निकालांच्या क्रमवाऱ्या छापल्या जाऊ लागल्या. निकालानुसार अनुदानाचा जुना विचार नव्या वेषात परतला असे म्हणायला जागा आहे. १९९३ मध्ये शिक्षकांनी चाचण्यांवर बहिष्कार टाकला.

टोनी ब्लेअर यांच्या काळात, २००२ पासून अकॅडमी उघडू लागल्या. सुरुवातीला या शाळा मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या मागे पडलेल्या शाळांच्या जागी आल्या. २०१० च्या कायद्याने मायकेल गोव्ह यांनी सर्वच शाळांना अकॅडमी होण्याची वाट खुली केली. अकॅडमी परिषदेच्या ताब्यात नसते. तिचा न्यास थेट केंद्रीय शिक्षणखात्याशी करार करतो. आज दर दहा माध्यमिक शाळांपैकी आठांहून अधिक अकॅडमी आहेत. शाळेबद्दल तक्रार असलेल्या पालकाला पूर्वी मत देऊन बदलता येणारी परिषद होती. न्यासाचे विश्वस्त तो निवडत नाही. १८७० मध्ये मिळवलेला लोकांचा वाटा असा हळूहळू निसटला आहे.

२०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर सरकारने ऑफस्टेडचा शाळेला एका शब्दात शेरा देण्याचा प्रघात बंद केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मांडलेल्या विधेयकात अकॅडमींनाही राष्ट्रीय अभ्यासक्रम लागू करण्याची आणि परिषदांना नव्या शाळा काढण्यास पुन्हा मोकळीक देण्याची तरतूद होती.