रोहित, टिबुकली आणि पारव्याचं जुळवलेलं नातं

हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित उतरले की सोलापुरातले पक्षीवेडे पहाटेच गाड्या काढतात. उथळ पाण्यात मान घालून, उलट्या चोचीने चिखल गाळणारा हा लंबूटांग पक्षी. आणि हिप्परग्याच्या तलावात इथे बुडी मारून भलतीकडेच वर येणारी मूठभर टिबुकली. ही सख्खी भावंडं म्हटलं तर कोण मानेल? २००१ मध्ये जनुकांवरून हे मांडलं गेलं तेव्हा शास्त्रज्ञांनाही ते पचायला जड गेलं. त्याआधी रोहितला कुणी करकोच्यांत बसवी, कुणी बदकांत; १८६७ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ हक्सलेने तर दोघांच्या मधोमध जागा दिली होती. अंड्यावरचा खडूसारखा थर मात्र दोन्हीकडे सारखाच निघाला.

भावंडं ठरली, पण या जोडीचे चुलते कोण? २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले आणि उत्तर आलं: पारवे आणि माळरानावरचे, पारव्यासारखे दिसणारे पखुर्डी. पुढच्याच वर्षी १९८ प्रजातींच्या अभ्यासाने ते मोडीत काढलं.

घोळाचं मूळ जुनं आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्या सुमाराला पक्ष्यांच्या फांद्या भराभर फुटल्या. आजीची भांडी घाईत वाटली की सख्ख्या भावांकडे वेगवेगळे तांबे जातात आणि लांबच्या चुलतभावाकडे नेमका जोडीचा तांबा सापडतो. जनुकांचंही तसंच, म्हणून प्रत्येक जनुक आपली वेगळी वंशावळ सांगतं.

पारव्याचा गुंता सुटला तो २०२४ मध्ये. चौथ्या गुणसूत्रावरच्या डीएनएच्या सुमारे २ कोटी १० लाख अक्षरांच्या पट्ट्यात त्या काळी आई-बापाकडच्या जनुकांची सरमिसळच दबलेली होती. अख्खा पट्टा एकगठ्ठा पुढे आला, आणि रोहित-पारव्याचं नातं सांगणारी त्यातल्या जनुकांची साक्ष खरं तर एकाच साक्षीदाराची होती! त्याच वर्षी ३६३ प्रजातींचा वंशवृक्ष आला. त्यात रोहित-टिबुकली वेगळ्या फांदीवर गेले.

आपला माळढोक? लांब पायांमुळे जुन्या पुस्तकांत तो क्रौंचांच्या पंगतीत असे. नव्या वृक्षात तो कोकिळेजवळ आहे आणि त्याच मोठ्या फांदीवर पारवे, पखुर्डीही. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट. त्याचे हे दूरचे नातलग मात्र त्याच माळावर अजून दाणे टिपताना दिसतात.