रोझेनवाल्ड शाळा

रोझेनवाल्ड शाळा : अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेल्या सार्वजनिक ग्रामीण शाळा. १९३२ पर्यंत १५ राज्यांत अशा सुमारे ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा धरल्या तर इमारतींची संख्या ५,३०० च्या वर जाते. शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड (१८६२–१९३२) यांच्या देणगीवरून हे नाव पडले. मात्र खर्चाचा हिशेब पाहिला, तर नाव एकाचे आणि भार अनेकांचा, असे दिसते.

गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्यातला ‘वेगळे’ हा भाग दक्षिणेने काटेकोरपणे पाळला, ‘समान’ मात्र कागदावरच राहिले. कर सगळ्यांकडून घेतला जाई आणि खर्च गोऱ्यांच्या शाळांवर होई. कृष्णवर्णीयांची शाळा चर्चमध्ये किंवा गळक्या खोपटात भरे, तीही कपाशीच्या हंगामातून उरलेल्या चार-पाच महिन्यांपुरती.

या योजनेचा उगम अलाबामातील टस्कीगी संस्थेत झाला. मराठी वाचकांना हे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या चरित्रामुळे ओळखीचे आहे. गुलामीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) हे १८८१ पासून या संस्थेचे प्रमुख होते. सीअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड कंपनीचे अध्यक्ष रोझेनवाल्ड १९१२ मध्ये टस्कीगीचे विश्वस्त झाले. पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी २५,००० डॉलर दिले. त्यांतून उरलेल्या रकमेत आसपासच्या खेड्यांत सहा छोट्या शाळा बांधून पाहू, असे वॉशिंग्टन यांनी सुचवले. पहिली शाळा लोचापोका येथे १९१३ मध्ये पुरी झाली. १९१७ मध्ये रोझेनवाल्ड निधी स्थापन झाला आणि १९२० मध्ये शाळांचा कारभार टस्कीगीहून नॅशव्हिलला गेला.

निधी कधीच पूर्ण रक्कम देत नसे. गावातील कृष्णवर्णीयांनी आपला वाटा उचलायचा, काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) शिक्षण मंडळाने उरलेला खर्च करून शाळा चालवायची, किमान दोन एकर जागा हवी आणि वर्ग निदान पाच महिने भरले पाहिजेत, अशा अटी होत्या. वाटा उचलणारे बहुतेक लोक दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. रोख पैसा त्यांच्या हाती क्वचितच येई. कोणी लाकूड दिले, कोणी सुतारकाम केले, कोणी अंडी-कोंबड्या विकल्या. बायका जेवणाचे डबे रांधून आणत आणि त्यांचा लिलाव होई. काही गावांत कपाशीचा एक तुकडा शाळेसाठी राखून सगळे मिळून तो पिकवत. त्याला ‘रोझेनवाल्ड पट्टी’ म्हणत. अलाबामातील एका सभेत गुलामगिरी भोगलेल्या एका म्हाताऱ्याने तेलकट पिशवीतली जन्मभराची शिल्लक टेबलावर ओतली. ती ३८ डॉलर भरली.

वर्गणीच्या या खटाटोपात ‘जीन्स शिक्षिकां’चा वाटा मोठा होता. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅना जीन्स यांच्या देणगीतून खेडोपाडी फिरणाऱ्या या पर्यवेक्षिका नेमल्या जात. पहिली नेमणूक १९०८ मध्ये व्हर्जिनियातील हेन्रिको काउंटीत व्हर्जिनिया रँडॉल्फ यांची झाली. शिवण, स्वयंपाक, स्वच्छता शिकवणे हे त्यांचे अधिकृत काम. पण गावाला एकत्र आणणे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांकडून काम काढून घेणे हे त्याहून अवघड कामही त्यांच्याच गळ्यात पडे.

एकूण सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर खर्च झाला. त्यात सरकारी पैसा ६४ टक्के होता. रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख, तर कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे सुमारे ४७ लाख डॉलर. म्हणजे ज्यांच्या नावाने शाळा ओळखल्या जातात त्यांच्यापेक्षा जास्त पैसा शेतमजुरांनी घातला, आणि तोही कर भरून वर. शाळेला आपले नाव द्यावे, अशी रोझेनवाल्ड यांची अट मात्र कधीच नव्हती.

सुरुवातीचे नकाशे टस्कीगीत तयार झाले. एमआयटीचे कृष्णवर्णीय पदवीधर वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांचा त्यांत प्रमुख हात होता. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून पूर्व-पश्चिमेला उंच खिडक्यांच्या रांगा ठेवल्या. बाके अशी मांडायची, की उजेड डावीकडून यावा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडू नये. दोन वर्गांमधली सरकती भिंत बाजूला केली की सभागृह तयार होई. तिथे सभा, समारंभ, नाटके होत, त्यामुळे ही इमारत गावाची चावडीही ठरली.

टीका झाली ती मुख्यतः दोन बाजूंनी. वॉशिंग्टन यांचा हस्तव्यवसायांवरचा भर कृष्णवर्णीयांना दुय्यम स्थानीच ठेवील, असे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप असा, की या शाळांनी वेगळेपणाची चौकट मोडली नाही, ती अधिक सुसह्य केली. आक्षेप खरा आहे. पण त्या काळी त्या गावांत दुसरा पर्याय होता तो शाळाच नसण्याचा. नागरी हक्क चळवळीचे नेते व पुढे खासदार झालेले जॉन लुइस आणि लेखिका माया अँजेलो या शाळांतच शिकले.

१९५४ च्या ब्राऊन खटल्याने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. एकत्रीकरण सुरू झाले तेव्हा बंद झाल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्याच शाळा, आणि त्यांच्या अनेक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. जागेची मालकी सुरुवातीलाच शिक्षण मंडळाच्या नावे करून द्यावी लागत असल्याने इमारतींचे काय करायचे, हे मंडळांनी ठरवले. कुठे गोदाम झाले, कुठे इमारत पाडली गेली. २००२ मध्ये एका राष्ट्रीय वारसा संस्थेने या शाळांचा सर्वाधिक धोक्यातील वास्तूंत समावेश केला. आज सुमारे ५०० इमारती शिल्लक आहेत. त्यांतल्या काही माजी विद्यार्थ्यांनी दुरुस्त करून पुन्हा समाजमंदिर म्हणून वापरात आणल्या आहेत. आजोबांनी वर्गणी देऊन बांधलेली शाळा नातवंडांनी पुन्हा वर्गणी काढून विकत घेतली, असेही घडले आहे.