कार्यकारी आदेश म्हणजे वटहुकूम नव्हे

अमेरिकेच्या अध्यक्षांनी सही केलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरला, की आपल्याकडे बातमी येते: 'वटहुकूम काढला'. हा शब्द तिथे साफ चुकीचा आहे. त्यामुळे त्या सत्तेला आवर कोण आणि कसा घालू शकतो, हेच वाचकाला उलटं समजतं. 'कार्यकारी आदेश' लिहा. 'अध्यक्षीय आदेश'ही चालेल. 'फर्मान' मात्र नको.

वटहुकूम आपल्या ओळखीचा आहे. संसदेचं एक तरी सभागृह अधिवेशनात नसताना राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने कलम १२३ खाली तो काढतात. राज्यात राज्यपाल, कलम २१३ खाली. वटहुकूम असो वा कार्यकारी आदेश, दोन्ही कागदांवर सही असते, दोन्ही राजपत्रात छापले जातात. साम्य इथे संपतं.

घोळ होतो तो पुढे. वटहुकूम हा तेवढ्या काळापुरता कायदाच असतो. नवा गुन्हा ठरवणं, जुना कायदा बदलणं, संसदेला जे करता येतं ते त्याला करता येतं. कार्यकारी आदेशाला यातलं काहीच जमत नाही. तो अध्यक्षांनी आपल्याच यंत्रणेला दिलेला हुकूम आहे आणि त्याला राज्यघटनेचा किंवा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आधी केलेल्या कायद्याचा आधार लागतो. १९५२ मध्ये, कोरियात युद्ध चालू असताना, पोलाद कामगारांचा संप टाळण्यासाठी अध्यक्ष ट्रुमन यांनी कारखानेच ताब्यात घेण्याचा आदेश काढला. असा आधार नव्हता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत ६ विरुद्ध ३ मतांनी तो अवैध ठरवला. १९४२ च्या आदेश क्रमांक ९०६६ च्या जोरावर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरांतून काढून छावण्यांत डांबलं गेलं. पण त्याखालचे निर्बंध मोडणं हा गुन्हा ठरवायला काँग्रेसचा वेगळा कायदा लागला. काँग्रेसने तो महिनाभरात करून दिला आणि १९४४ मध्ये न्यायालयानेही ही हकालपट्टी वैध मानली. अडवण्याचं बळ ज्या दोघांकडे होतं, त्या दोघांनीच वाट मोकळी केली.

आता मौनाचं बघा. अधिवेशन भरल्यापासून ६ आठवड्यांत संसदेने होकार दिला नाही, तर वटहुकूम संपतो. कार्यकारी आदेशाला अशी मुदतच नसते. काँग्रेस गप्प राहिली की तो चालू राहतो, पुढचे अध्यक्ष एका सहीने रद्द करेपर्यंत. काँग्रेसने विरोधात कायदा केलाच, तर अध्यक्ष नकाराधिकार वापरतात आणि मग दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. २०१९ मध्ये मेक्सिको सीमेवरची आणीबाणी संपवण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. ट्रम्प यांनी तो नाकारला आणि प्रतिनिधिगृहात दोन-तृतीयांश जमले नाहीत. ती आदेशाऐवजी घोषणा होती, पण मतांचं गणित तेच.

म्हणून आपली चौकट भक्कम आहे, असं कुणी समजू नये. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम मुदत संपली की जसेच्या तसे पुन्हा काढले जात. काही तर १४ वर्षांपर्यंत जगवले गेले. पुण्याच्या गोखले संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी हे खणून काढलं आणि न्यायालयात नेलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला राज्यघटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. तरी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाला बिहारच्याच दुसऱ्या प्रकरणात पुन्हा सांगावं लागलं, की वटहुकूम सभागृहापुढे मांडणं बंधनकारक आहे.