हजार मीटर खालून एक स्ट्रेचर

जून २०१४. जर्मनीतल्या बव्हेरियात रीझेन्डिंग नावाच्या गुहेत, जमिनीखाली सुमारे हजार मीटरवर, योहान वेस्टहाउझर या गुहासंशोधकाच्या डोक्यात दगड कोसळला. हेल्मेट होतं, तरी मेंदूला मार बसला. सोबतच्या दोघांपैकी एक त्याच्यापाशी थांबला, दुसरा मदत आणायला निघाला. तो धडधाकट, वाट पायाखालची, तरी गुहेच्या तोंडाशी यायला त्याला बाराएक तास लागले. वेस्टहाउझरना त्याच वाटेने बाहेर आणायला मात्र अकरा दिवस गेले आणि सातशेहून जास्त माणसं कामाला लागली.

वर आणायचं होतं ते एकाच माणसाला. मग एवढी फौज कशाला?

खोल गुहा बोगद्यासारखी सरळ नसते. एकीखाली एक अशा उभ्या विहिरी आणि त्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या फटी, असा तो मामला. फटीतून माणूस कुशीवर वळून, एक खांदा आधी घालून निसटतो. स्ट्रेचर दोनेक मीटर लांब; ते ना वळतं, ना अंग चोरतं. त्यामुळे जखमी तिथवर पोचण्याआधीच एक तुकडी पुढे जाऊन खडकात भोकं पाडते आणि अगदी छोटे सुरुंग लावून वाट रुंद करते. विहिरींमध्ये नेहमी येण्याजाण्यासाठी लावलेले दोरही कामाचे नसतात. स्ट्रेचर धबधब्याखालून जाऊ नये, कड्याला घासू नये, म्हणून नव्या जागी बोल्ट ठोकून वेगळे दोर बांधावे लागतात.

वर ओढण्याची रीत मला या सगळ्यात देखणी वाटते. विहिरीच्या माथ्यावर कप्पी, दोराच्या एका टोकाला स्ट्रेचर आणि दुसऱ्या बाजूला चक्क एक बचावकर्ता लटकलेला. त्याचं वजन खाली येतं, तसं स्ट्रेचर वर जातं. दोन्ही पारडी जवळपास सारखी असली की वरच्यांना फक्त घर्षणापुरता जोर लावावा लागतो. रहाटाचंच तत्त्व, फक्त पोहऱ्याच्या समोर माणूस टांगलेला. स्ट्रेचरसोबत आणखी एक जण दोरावरून चढत असतो. ते कपारीत अडकू न देणं आणि जखमीशी बोलत राहणं, ही त्याची कामं.

आडव्या, बुटक्या वाटेत उचलून चालणं शक्यच नसतं. तिथे माणसं ओळीने जमिनीवर बसतात आणि स्ट्रेचर मांड्यांवरून पुढे सरकवतात. ते आपल्यावरून गेलं की मागच्याने उठून पुढे जायचं आणि पुन्हा बसायचं. शंभर मीटरला किती वेळा ऊठबस होईल, ते बघा! म्हणून गुहेचे टप्पे पाडून प्रत्येक पथकाला एकेक टप्पा वाटून देतात. तळाशी पोचलेली तुकडी उतरण्यानेच दमलेली असते. ती झोप काढूनच कामाला लागते. तिचं जेवण, झोपण्याच्या पिशव्या, बॅटऱ्या, सगळं कुणीतरी पाठीवर वाहून आणलेलं असतं.

दुसरा शत्रू थंडी. डोंगरातल्या खोल गुहांत तापमान शून्याच्या जेमतेम काही अंश वर असतं आणि हवा दमट. हालचाल नसलेलं शरीर भराभर निवतं. म्हणून चकचकीत ब्लँकेटांचा छोटा तंबू उभारून, आत मेणबत्ती लावून ऊब धरून ठेवतात. २०२३ साली तुर्कस्तानातल्या मोर्का गुहेत अमेरिकन गुहासंशोधक मार्क डिकी १,०४० मीटर खोलीवर आजारी पडले. पोटात रक्तस्राव होत होता. रक्ताच्या पिशव्या घेऊन डॉक्टरच खाली उतरले, रक्त तिथेच चढवलं आणि प्रकृती सावरल्यावर वरचा प्रवास सुरू झाला. डिकी स्वतः गुहाबचावाचे प्रशिक्षक!

निरोपांचं काय? साधा वॉकीटॉकी तिथे मुका होतो. जास्त वारंवारतेच्या रेडिओलहरी खडकात लगेच विरतात, कमी वारंवारतेच्या खोलवर जातात. म्हणून गुहेतले संच एफएम रेडिओच्या हजारपट कमी वारंवारतेवर चालतात. रीझेन्डिंगमध्ये केव्हलिंक या यंत्रणेने खडकातून मजकुराचे छोटे संदेश पाठवले होते.

हे सगळं आयत्या वेळी जमत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरला १९३५ मध्ये गुहाबचावाची संघटना उभी राहिली. आजही अनेक देशांत हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत, त्यामुळे सराव सुट्टीच्या दिवशी. पहिला धडा मोठ्या मोहिमेचा नसतोच. दोरावर निपचित लटकलेल्या जोडीदाराला एकट्याने खाली कसं उतरवायचं, हे शिकवतात. हार्नेसमध्ये, म्हणजे दोराला अडकवायच्या अंगावरच्या पट्ट्यांमध्ये, हालचाल न करता लटकलेल्या माणसाची शुद्ध काही मिनिटांत हरपू शकते. बाहेरून मदत येण्याची वाट बघण्याइतका वेळ नसतो.

सरावात स्ट्रेचरमध्ये पोतं न बांधता खरा माणूस झोपवतात. हात पट्ट्यांखाली, मान हलत नाही, डोळ्यांवर पाण्याचा थेंब टपकतोय आणि नाक खाजवायचीही सोय नाही. पाय डोक्यापेक्षा वर गेले की पोटात कसं ढवळतं, हे तिथे पडल्यावरच कळतं. दुसऱ्या दिवशी हाच माणूस स्ट्रेचर धरतो, तेव्हा हलवण्याआधी ‘आता डावीकडे कलणार’ असं सांगतो.

गुहेच्या तोंडाशी कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. आत कोण गेलं, किती वाजता, कुठल्या टप्प्यावर, सगळी नोंद. जखमी बाहेर येतो, हेलिकॉप्टर निघून जातं. वहीत अजून कितीतरी नावं तशीच असतात. ती माणसं आत दोर सोडवत, कचरा पिशव्यांत भरत, टप्प्याटप्प्याने वर येत असतात.